निवृत्त सहकाऱ्याने दिलेला चाकू घेऊन कोलोनहून आल्प्स आणि पुढे लंडन: जमेल का?

डोंगरखुळा:

नमस्कार मंडळी. मी कोलोनला असतो, तीन वर्षं होतील आता. आमच्या विभागातले एक फ्रेंच काका गेल्या महिन्यात निवृत्त झाले. साव्हॉयचे, शाँबेरीच्या बाजूचे. शेवटच्या दिवशी केक वाटून झाल्यावर मला कोपऱ्यात घेतलं आणि स्वतःच्या खिशातला चाकू माझ्या हातावर ठेवला. ओपिनेल, आठ नंबर. बीचच्या लाकडाची मूठ घामानं काळवंडलेली. पातं साध्या पोलादाचं, धार लावून लावून मूळच्यापेक्षा बारीक झालेलं. दुपारचं सफरचंद ते याच चाकूनं सोलायचे, साल न तुटता. देऊन झाल्यावर हात पुढं करून तसेच उभे राहिले. मी हात मिळवला, ते हसले, मी थोडा रडवेला झालो.

सप्टेंबरमध्ये त्यांच्याच मुलखात, मोरिएन खोऱ्यात, आठवडाभर डोंगर चढायला जातोय. चाकू न्यायचा आहे. रस्ता असा: कोलोनहून रेल्वेनं पॅरिस, तिथून शाँबेरी, सात दिवस तंबू, परत पॅरिस, मग समुद्राखालच्या बोगद्यातून लंडनला मावसभावाकडे तीन दिवस. परत येताना विमान, फक्त हातसामान.

ऑफिसात विचारलं तर तिघांची तीन तऱ्हेची उत्तरं. एक म्हणाला, जर्मनीत बारा सेंटीमीटरपर्यंत सगळं चालतं. दुसरी म्हणाली, रेल्वेत आता लिंबू कापायची सुरीसुद्धा चालत नाही. तिसरा म्हणाला, युरोपियन युनियनचा एकच नियम असेल, तो शोध. अनुभवातलं कुणी सांगेल का?

सरळसोट:

घरी ठेवा. शाँबेरीत उतरल्यावर नवा घ्या, स्वस्त असतो, निघताना कुणाला तरी देऊन टाका. उगाच डोक्याला ताप कशाला?

तिखटमीठ:

सरळसोट, नवा मिळतो हे खरं. पण याला मिळालेला कुठल्या दुकानात मिळणार?

डोंगरखुळा, मी वुपरटालला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते, अकरा वर्षं झाली. चाकू हे माझं रोजचं हत्यार. आणि खरं तर या "हत्यार" शब्दापासूनच सुरुवात करायला हवी. आपल्याकडे सुताराची पटाशी पण हत्यार आणि तलवार पण हत्यार. जर्मनांनी दोन शब्द वेगळे ठेवलेत. वेर्कत्सॉइग म्हणजे कामाचं, वाफे म्हणजे मारायचं. आणि इथला कायदा पुन्हा पुन्हा एवढंच विचारतो, की तुझ्या खिशातली ही वस्तू आत्ता, या जागी, दोन्हीतलं काय आहे? लांबी नंतर.

तिसऱ्या माणसाला सांग, युनियनचा असा एकच नियम नाही. बंदुकांसाठी आहे. चाकू बाळगण्याचं ज्या त्या देशानं आपापलं ठरवलंय.

बारा सेंटीमीटरवाला अर्धा बरोबर. २००८ पासून शस्त्रकायद्यात ४२अ हे कलम आलं. त्यात स्थिर पात्याचा चाकू बारा सेंटीमीटरहून लांब असेल तर रास्त कारणाशिवाय अंगावर बाळगायचा नाही. पण त्याच्याच शेजारी दुसरी गोष्ट आहे, ती लोक विसरतात. घडीचा चाकू एका हातानं उघडत असेल आणि उघडल्यावर पातं अडकून बसत असेल, तर तो कितीही छोटा असला तरी याच यादीत. दंड दहा हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. तुझा ओपिनेल उघडायला दोन हात लागतात, नखानं खाचेत धरून. पात्याला अडकवणारी कडी आहे, पण एकहाती नाही. म्हणून कोलोनच्या साध्या रस्त्यावर तो खिशात असला तर या कलमात बसत नाही.

गंमत बघ. स्वित्झर्लंडच्या शस्त्रकायद्यात चक्क लिहिलंय की लष्करी खिसाचाकू आणि त्यासारखे चाकू हे धोकादायक वस्तू नव्हेत. आपलं लाडकं लाल बाळ कायद्यानंच पोटाशी धरलंय. पण २००८ साली त्यांच्या सैनिकांचा चाकू बदलला. नव्याच्या पात्याला अंगठ्यासाठी भोक आहे, एका हातानं उघडतो आणि पातं अडकतं. म्हणजे स्विस जवान सरकारनं दिलेला चाकू खिशात टाकून बासेलहून पलीकडे जर्मनीत आला, तर रास्त कारण सांगायची पाळी त्याच्यावर. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या!

आता रेल्वे. तुझी दुसरी सहकारी निम्मी बरोबर. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून लांब पल्ल्याच्या गाड्यांत चाकू बंद, कुठलाही. पण सामानात बंद करून एका जागेहून दुसरीकडे नेता येतो. "हाताशी नाही" असा ठेवायचा, आणि हाताशी नाही याची व्याख्या अशी की काढायला तीनपेक्षा जास्त हालचाली लागल्या पाहिजेत. मी मोजून दाखवते: सॅकचं बक्कल, वरची दोरी, आतल्या पिशवीची चेन, डब्याचं झाकण. चार. पुढच्या कप्प्यात नुसती एक चेन असेल तर नाही. त्याच कायद्यानं जत्रा, कार्निव्हल, नाताळचे बाजार इथंही चाकू बंद केला. गावातल्या गाड्या-बसचं राज्य सरकारं ठरवतात. बर्लिननं जुलै २०२५ पासून तिथंही बंदी घातली. आणि कोलोनला झ्युल्पिशर स्ट्रासे आणि रिंगच्या पट्ट्यात २०२१ च्या अखेरीपासून शस्त्रबंदी आहे. शनिवारी रात्री तिकडे बसायला जाशील तर काकांचा चाकू घरी. आम्ही कामाची माणसंसुद्धा तिथून सुऱ्या नेताना वळसा घालतो.

माझा किस्सा. नियम लागू होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. कोलोनला एका लग्नाचं जेवण करायला आमची टोळी गेली होती. परतताना रात्री साडेअकराला फलाटावर दोन पोलीस. माझ्या काखेत सुऱ्यांची गुंडाळी, बाहेरून ओळखू येते अशी. संशय नसतानाही आता तपासू शकतात. उघडायला लावली. गुंडाळीला इवलंसं कुलूप आहे, सुटकेसला लावतात तसलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत. एकवीस सेंटीमीटरची मोठी सुरी, हाडाजवळचं मांस सोडवायची लवचिक सुरी, ब्रेडची दातेरी, आणि शेवटी एक बोटभर छोटी. त्यातला वयस्क पोलीस त्या छोटीकडे बघून म्हणाला, "अरे, त्स्योपकन!" आमच्या या डोंगराळ भागात बटाटे सोलायच्या सुरीचं हे बोलीतलं नाव. त्याच्या आजीकडे होती म्हणे. कुठं काम करता, आता कुठं चाललात, एवढं विचारलं. जाताना म्हणाला, कुलूप आहे ते छान, पण पुढच्या वेळी गुंडाळी पिशवीत घाला, लोक बघून घाबरतात.

घाबरतात हे खरंच आहे. आमच्या शेजारचं गाव झोलिंगेन. २३ ऑगस्ट २०२४ ला गावाच्या साडेसहाशेव्या वाढदिवसाच्या उत्सवात एकानं चाकूहल्ला केला, तीन माणसं गेली. वर सांगितलेला कायदा त्यानंतर आला. आणि हे घडलं कुठं, तर ज्या गावाच्या पाटीवरच "पात्यांचं शहर" लिहिलेलं आहे तिथं. झोलिंगेन हे नाव पात्यावर कोरायचं तर माल तिथलाच हवा, असा १९३८ पासून कायदा आहे. माझ्या चारपैकी तीन सुऱ्या तिथल्याच. वुपर नदीच्या काठानं चालत गेलं की धार लावायच्या जुन्या पाणचक्क्या दिसतात, त्यांना कोटन म्हणतात. पूर्वी एकानं पातं घडवायचं, दुसऱ्यानं घासायचं, तिसऱ्यानं मूठ बसवायची, आणि या सगळ्यांच्या मधे बायका डोक्यावर टोपल्या घेऊन डोंगर चढ-उतार करत पाती पोचवायच्या. त्यांना लीव्हरफ्राऊ म्हणायचे. संग्रहालयातल्या फोटोत त्यांच्या टोपलीत शेकड्यानं पाती आहेत. फलाटावर गुंडाळी उघडून दाखवताना मला त्याच बायका आठवत होत्या.

हल्ल्यानंतर त्या गावातल्या धारवाल्याकडे सुऱ्या घेऊन गेले तेव्हा तो चाकूबद्दल एक शब्द बोलला नाही. एरवी त्याचं तोंड बंद होत नाही.

असो, फार लांबलं. फ्रान्सचं थोडक्यात. तिथं चाकू हा "ड" गटातला, विकत घ्यायला मोकळा, पण रास्त कारण नसेल तर अंगावर बाळगायला नाही. सेंटीमीटरचा प्रश्नच नाही. पाठीवर तंबू, पायात बूट, चाकूशेजारी टोमचं चीज आणि सॉसेज, तर कुणी हटकणार नाही. तो चाकू १८९० च्या सुमाराला त्याच डोंगरातल्या शेतकऱ्यांसाठी जोसेफ ओपिनेलनं बनवलेला आहे. तोच चाकू रात्री पॅरिसच्या मेट्रोत जीन्सच्या खिशात सापडला तर जागेवर पाचशे युरोंची पावती फाडतात, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर एक वर्ष कैद आणि पंधरा हजारांपर्यंत दंड असं कायदा म्हणतो. म्हणून पॅरिसमध्ये गाडी बदलतानाही सॅकच्या तळाशीच.

लंडनचं मला विचारू नकोस, धुकंवाला सांगेल.

धुकंवाला:

आलो. मी लेस्टरला, एकोणीस वर्षं.

ताईंनी सांगितलं की तिकडे आधी कारण विचारतात, लांबी नंतर. इथं दोन्ही विचारतात. १९८८ च्या कायद्याचं कलम १३९: सार्वजनिक जागी टोकदार किंवा पात्याची वस्तू बाळगणं गुन्हा. सूट फक्त घडीच्या खिसाचाकूला, आणि तोही कापणारी धार तीन इंचांच्या आत असेल तर. तीन इंच म्हणजे ७.६२ सेंटीमीटर. ओपिनेल आठ नंबरचं पातं साडेआठ. इथंच संपलं. त्यातून १९९३ च्या निकालापासून पातं अडकत असेल तर तो "घडीचा" धरतच नाहीत. "पण मी कडी फिरवलीच नव्हती" हे चालत नाही. अडकवता येतं, एवढं पुरे. म्हणजे तुमचा चाकू दोन्ही परीक्षांत नापास.

सॅकच्या तळाशी ठेवला तरी तो तुमच्याजवळच आहे असं धरतात. तीन हालचालींची सवलत ही जर्मनांची, इथं मोजत बसू नका. चांगलं कारण असेल तर बचाव आहे: कामावर जाता-येता आचाऱ्याच्या सुऱ्या, प्रदर्शनाला नेणं, धार्मिक कारण, राष्ट्रीय पोशाख. "तंबूतून परत येतोय" हे पहिल्या दिवशी कदाचित पटवता येईल. पण पटवायचं तुम्ही, पोलिसांनी नाही. आणि दुसऱ्या दिवशी मावसभावाबरोबर संग्रहालय बघताना काय सांगणार? एक गोष्ट मात्र कधीही तोंडातून काढू नका: "स्वतःच्या रक्षणासाठी." ते कारण नाही, कबुली आहे. शिक्षा चार वर्षांपर्यंत आहे.

माझ्याकडे पक्कड-चाकू एकत्र असलेलं हत्यार आहे, लेदरमन, त्याचं पातं अडकतं. गाडीत पडून असायचं. सायकलवाल्या एका मित्रानं सांगितलं तेव्हा कळलं की गाडी रस्त्यावर उभी असली तरी तेही मोजतात. त्या दिवसापासून ते घरच्या खणात.

पोशाखाचं म्हणाल तर स्कॉटलंडमध्ये किल्टबरोबर मोज्यात खोचलेला स्कीअन डू तुम्ही लग्नात बघाल, कायद्यानं चालतो. शिखांच्या कृपाणाला इथं कायद्यात जागा आहे आणि २०१९ च्या कायद्यानं ती आणखी पक्की केली. तेच कृपाण इटलीत २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नाकारलं. एकाच वस्तूचं दोन देशांत काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

इथलं वातावरणही समजून घ्या. रस्त्यात लोखंडी पेट्या ठेवलेल्या असतात, चाकू आणून टाका, कुणी विचारणार नाही. अशा जमा झालेल्या आणि जप्त केलेल्या एक लाखाहून जास्त चाकूंचा एक पंख पसरलेला देवदूत बनवलाय, नाइफ एंजल, गावोगावी फिरवतात. मी बघितलाय. लांबून पिसं वाटतात, जवळ गेलं की मुठी दिसायला लागतात, त्यातल्या कितीतरी साध्या स्वयंपाकघरातल्या. २४ सप्टेंबर २०२४ पासून झॉम्बी चाकू बंद झाले, १ ऑगस्ट २०२५ पासून निन्जा तलवारी. दुकानात भाजी चिरायची सुरी घेतली की यंत्र थांबतं आणि कर्मचारी येऊन वय बघतो, अठराच्या खाली विकत नाहीत. माझे केस पांढरे झालेत तरी थांबतं.

मावसभावाकडे केक कापायला सुरी असेलच. चाकू फ्रान्समध्येच ठेवून या.

उत्तरेचा वारा:

औलूहून. तुमच्या प्रवासात फिनलंड नाही तरी राहवत नाही म्हणून लिहितो.

इथं पुक्को हा चाकू माणसाच्या मोठं होण्याशी जोडलेला आहे. स्थिर पातं, एकच धार, बहुतेकदा बर्चच्या लाकडाची मूठ, कातडी म्यान पट्ट्याला लोंबतं. स्काउटची पोरं लाकूड तासायला शिकतात ती यानंच. मी कंपनीत दहा वर्षं पूर्ण केली तेव्हा मला मिळाला, रोव्हानिएमीच्या मार्तिनीचा. ते लोक १९२८ पासून बनवतात. मूठ धरली तेव्हा आधी वाटलं, हे देऊन हाकलतायत की काय! मग कळलं, हा मान आहे.

पण याच चाकूची काळी बाजूही इथलीच. एकोणिसाव्या शतकात ओस्त्रोबोथ्नियात पुक्कोयुंकारी म्हणून दांडग्या तरुणांच्या टोळ्या होत्या, लग्नात घुसायचे आणि चाकू चालवायचे. त्याच भागातलं कौहावा आज चाकूंसाठी नावाजलेलं आहे, घोड्याच्या तोंडाच्या मुठीचे पुक्को तिथले. हे दोन्ही एकाच मातीत वाढलं.

कायदा म्हणाल तर २००३ च्या सार्वजनिक व्यवस्थेच्या कायद्यानं कामाशिवाय गावात चाकू बाळगता येत नाही. ब्लूबेरी वेचायला, मासे धरायला निघालात तर पट्ट्याला लटकवा, कुणी वळून बघत नाही. पण जंगलातून परतताना सरळ बिअर प्यायला बसलात तर तो गाडीत काढून ठेवायचा, हे इथली पोरंसुद्धा जाणतात. माझ्याकडून पहिल्या वर्षी राहिलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं काही न बोलता माझ्या कमरेकडे बोट दाखवलं आणि दाराकडे. मी उठून गाडीत ठेवून आलो. मग त्यानं बिअर पाजली.

डोंगरखुळा:

ताई, दादा, वारा, तिघांचे मनापासून आभार. सरळसोट, तुमचेही, पण ऐकणार नाही.

ठरलं असं: कोलोन ते शाँबेरी डब्यात, सॅकच्या तळाशी (घरी मोजलं, पाच हालचाली होतात, पाचवी म्हणजे डब्यावरचं रबर). डोंगरात खिशात. लंडनला नाही. विमानाचंही बघितलं, हातसामानात सहा सेंटीमीटरच्या वर पातं नेता येत नाही, म्हणजे परतीलाही अडकलोच असतो. काका आता गावीच राहतात, शेवटच्या दिवशी त्यांच्याकडेच ठेवतो. नाताळात त्यांची मुलगी इकडे गाडीनं येते, ती आणेल.

पुढच्या वर्षी स्पेन किंवा इटली मनात आहे, तिकडचं काही?

तिखटमीठ:

मुलीला सांग, गाडीतून थेट घरी. वाटेत नाताळच्या बाजारात ग्लूवाइन प्यायला थांबली आणि पर्समध्ये चाकू असला तर पंचाईत.

इटलीत १९७५ चा कायदा आहे, घराबाहेर सबळ कारणाशिवाय नाही. खटक्याचा, म्हणजे आपण रामपुरी म्हणतो तसला, तर तिथं सरळ शस्त्रच. स्पेनमध्ये घडीच्या चाकूला नावाखा म्हणतात, त्याच्या पात्याला अकरा सेंटीमीटरची मर्यादा आहे, आणि खटक्याचा तिथंही बंद. गेलास तर अल्बासेतेला चाकूंचं संग्रहालय आहे, ते बघ. तिथल्या जुन्या घडीच्या चाकूंना दाते असतात, उघडताना कर्रर्र कर्रर्र वाजतात. मी अर्धा दिवस तिथंच होते, नवरा बाहेर कॉफी पीत बसला.

ओपिनेलचं पातं वापरल्यावर पुसून ठेव, साधं पोलाद आहे, लगेच गंजतं. मुठीत पाणी शिरलं की लाकूड फुगतं आणि चाकू उघडतच नाही. तेव्हा मुठीचं बूड दगडावर हलकेच आपट, पातं वर येतं.

आणि एक विचारायचं राहिलं. काकांना एक सेंट दिलास ना? चाकू फुकट घ्यायचा नसतो रे. फुकटचा चाकू मैत्री कापतो म्हणतात, फ्रान्समध्ये काय, आमच्या इथं काय. एखादं नाणं हातावर ठेवायचं, म्हणजे विकत घेतल्यासारखं होतं.

डोंगरखुळा:

अरे देवा. म्हणून ते हात पुढं करून उभे होते!